फटफटीची शिंगं

आमचे हे शेंद्र्याला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. दुसऱ्यांनी केलेल्या मालात दिवसभर खोट काढायची आणि संध्याकाळी दमून घरी यायचं, असं ते काम. माणूस गेटबाहेर पडताना ओळखपत्र खिशात घालतो, पण सवय काही तिथं काढून ठेवत नाही. त्यामुळे पोळी फुगली तर का फुगली आणि नाही फुगली तर का नाही, याची चौकशी आमच्या हर्सूलच्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि चौकशीला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा ह्यांनी जुन्या मोटरसायकलींचा नाद लावून घेतला. मला बरंच वाटलं. खोट काढायला घरात माझ्याशिवाय आणखी काहीतरी येणार होतं.

नाद आधी मोबाइलवर लागला. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला माणूस गंजलेली गाडी गवतातून ओढून काढतो आणि व्हिडिओ संपेपर्यंत तिचा आरसा करून दाखवतो. ते बघताना ह्यांची भाजी गार व्हायची आणि त्याबद्दल कुणाचीही चौकशी होत नसे. मग शहरातल्या जुन्या गाड्यावाल्यांचा ग्रुप सापडला. ही मंडळी दर रविवारी आपापल्या गाड्या घेऊन खुलताबादच्या रस्त्याला जातात, टपरीवर चहा पितात, एकमेकांच्या गाड्यांभोवती उकिडवी बसतात आणि परत येतात. परत येताना एखाददुसरी गाडी टेम्पोत असते.

ग्रुपला एक अध्यक्ष आहेत. त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, ओरिजिनल आणि पॅटिना. ओरिजिनल म्हणजे गाडी कारखान्यातून आली तश्शी. पॅटिना म्हणजे वापरून वापरून तिच्यावर जे काही चढलंय, ओरखडे, उडालेला रंग, गंज, ते न पुसता कौतुकानं ठेवायचं. एकाच गाडीत या दोन्ही गोष्टी कशा असायच्या, असं मी एकदा विचारलं. "वहिनी, ते बघून कळतं," असं उत्तर मिळालं.

ह्यांच्याकडे मात्र गाडीच नव्हती. रविवारी हे आपली स्कूटर घेऊन जायचे आणि टपरीपासून लांब, झाडामागं लावायचे. असं बरेच रविवार चाललं आणि मग एक दिवस ह्यांना माझ्या वडिलांची आठवण झाली.

म्हणजे वडिलांच्या फटफटीची. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन पोळे होऊन गेले होते. गाडी पिशोरला गोठ्यात उभी होती आणि माझा भाऊ ती भंगारात घालायच्या बेतात होता. "तुला काय करायची ती?" तो फोनवर म्हणाला. "शिंगं रंगवलेली फटफटी कोण इचारतंय?"

शिंगांचं सांगायला हवं. दादांनी शेवटची बैलजोडी विकली तेव्हा मी शाळेत होते. भाड्याचा ट्रॅक्टर दारात यायला लागला होता. जोडीतला एक बैल म्हातारा झालेला आणि दुसरा त्याच्याशिवाय पाऊल उचलत नव्हता. जोडी गेली, पण पोळ्यासाठी शिंगांना लावायचा नारंगी ऑइलपेंट दादांनी सवयीनं आधीच आणून ठेवला होता. पोळ्याच्या सकाळी तो डबा हातात घेऊन ते रिकाम्या गोठ्यात उभे राहिले. मग अंगणात आले, फटफटीकडं बघितलं आणि म्हणाले, "आता शिंगं ह्यालाच हायत."

आणि हँडलच्या दोन्ही चकचकीत दांड्यांना त्यांनी रंगाचा हात मारला. आई तोंडाला पदर लावून हसली. दादा हसले नाहीत. त्यांनी हँडलला गोंडे बांधले, दिव्याला हळदीकुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली आणि गाडी ढकलत मारुतीच्या देवळापर्यंत नेली. चालवत नाही, ढकलत. त्या दिवशी बैलाला कुणी कामाला लावत नसतं.

त्या वर्षी गाव पोट धरून हसलं. पुढच्या वर्षी जरा कमी हसलं. नंतर नंतर देवळापुढं बैलांच्या रांगेत दादांच्या फटफटीची जागा कुणी घेत नसे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना आवतण देतात, तसं ते टाकीपाशी वाकून म्हणायचे, "आवतण घ्या, उद्या जेवायला या." गाडीच्या खांद्याला तूप-हळद लावायचं तेवढं राहिलं होतं, कारण खांदा नेमका कुठला हे त्यांचं ठरत नव्हतं. दर पोळ्याला जुन्या रंगावर नवा हात बसायचा. हँडल झालं, मग आरशांच्या दांड्या, मग दिव्याभोवतीची कडी. ब्रश जिथवर पोचला तिथवर शिंगंच होती.

ह्यांना हे लग्नाआधी ठाऊक नव्हतं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, आम्ही सत्यनारायण घातला होता आणि ह्यांचे साहेब यायचे होते. पोळा नुकताच सरलेला. दादा पिशोरहून गाडीला शेतातल्या आल्याचं पोतं बांधून आले, आणि पुढं ती दोन रंगवलेली शिंगं. ह्यांनी त्यांना फाटकातच गाठलं. हळू आवाजात, अगदी नम्रपणे म्हणाले, "मामा, गाडी तेवढी पलीकडच्या गल्लीत लावता का? साहेब येणार आहेत."

"व्हय, लावतो की," दादा म्हणाले.

मी पूजेचं तबक घेऊन दारात उभी होते. ते वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे.

त्यानंतर दादा कितीदा तरी आले. मुलगी झाली तेव्हा आले, तिच्या बारशाला आले, दर दिवाळीला आले. दर वेळी गाडी पलीकडच्या गल्लीत लावून खांद्यावर पोतं घेऊन चालत यायचे. पुन्हा कुणी सांगितलं नाही. ह्यांना वाटायचं, सासरे समजूतदार आहेत. फटफटीचा आवाज ऐकू आला की मी फाटकापाशी जाऊन उभी राहायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून ते पोतं वळताना दिसायचं. मला संताप यायचा, ह्यांचाही आणि त्या समजूतदारपणाचाही.

तर तीच गाडी ह्यांनी टेम्पोतून आणवली आणि थेट आमच्या फाटकासमोर उतरवून घेतली. चारी बाजूंनी फोटो काढले. ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांचा वारसा.' दादांच्या हयातीत ज्या गाडीला दारात जागा नव्हती, तिचा आता वारसा झाला होता. अध्यक्षांचा लगोलग फोन आला. "गाडी एक नंबर है भाई, पण हँडल पे ये क्या लगाया है? एकदम गावठी काम. पहिलं ते उतरवा."

मी म्हटलं, "त्या तुमच्या पॅटिनात नाही का बसत हे? वापरून वापरून चढलेलंच आहे."

ह्यांनी इमानदारीत फोन करून विचारलं. अध्यक्ष म्हणाले, नाही, पॅटिना आपोआप येतो, हा माणसानं लावलाय. म्हणजे गंज चढला तर तो जपायचा, आणि माझ्या बापानं स्वतःच्या हातानं रंग चढवला तर तो खरवडायचा. एवढं मला समजलं.

मग मी एकच अट घातली. दिव्याची कडी घ्या, आरसे घ्या, बाकी जे खरवडायचं ते खरवडा. शिंगांना हात लावायचा नाही. "बरं," हे म्हणाले. 'बरं' हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त आहे, हे मी विसरले होते.

कामाला सुरुवात दिव्याच्या कडीपासून झाली, आणि माझ्या घासणीपासून. कढई घासायची तारेची घासणी घेऊन ह्यांनी ऑइलपेंट घासायला घेतला. रंग थोडा निघाला आणि त्याखालच्या क्रोमच्या चकचकीत मुलाम्यावर बारीक गोल गोल ओरखडे उठले. स्टीलच्या ताटावर ही घासणी फिरवायची नसते, हे मी लग्न झाल्यापासून सांगत आले आहे. ओरखड्यांचा फोटो ग्रुपवर गेला. त्यावर चर्चासत्र झालं. कुणी म्हणालं थिनर, कुणी म्हणालं कॉस्टिक सोडा, एकानं चिंच सुचवली. शेवटी रंग काढायचं एक जेल आलं. ते फासायचं, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि थांबायचं. थोड्या वेळानं रंगाला पापडासारखे फोड येतात, मग ते कडेनं हळूच उचलायचे, लोखंडी काही न वापरता. ह्यासाठी ह्यांनी मुदत संपलेलं बँकेचं कार्ड घेतलं. त्या जेलचा वास इतका उग्र होता, की आमच्या अंगणात रोज येऊन झोपणारं मांजर शेजारी राहायला गेलं.

उघड्या राहिलेल्या भागांची तर आणखी मजा. सायलेन्सर आणि चाकाच्या कड्या दादांनी रंगवल्या नव्हत्या, कारण शिंगं तिथं नसतात. त्यांच्यावर गंजानं देवीचे व्रण काढले होते. त्यांना ओल्या अॅल्युमिनियमच्या कागदानं घासायचं असतं म्हणे. माझा डब्याला गुंडाळायचा कागद त्यात संपला. मी शाळेत पोळीभाजी वर्तमानपत्रात बांधून नेली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना कारण सांगितलं. त्यात मला समाधान मिळालं.

आणि मग एक दिवस शाळेतून आले, तर हे अंगणात पाटावर बसलेले. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर रंगाची सालं, आणि समोर हँडल. नागडं, चकचकीत. आकाश दिसत होतं त्यात.

"अगं बघ तरी," हे म्हणाले. "एक डाग नाही. गंजाचा एक ठिपका नाही. वरच्या रंगानं हवाच लागू दिली नाही त्याला. काढायच्या आधी कारखान्यातून थर मोजायचं यंत्र मागून आणलं होतं, त्याच्यात आकडाच बसेना. इतके थर."

मी म्हटलं, "शिंगांना हात लावायचा नाही, असं ठरलं होतं."

"अगं हो, पण बाकीचं सगळं चमकायला लागल्यावर तेवढंच विचित्र दिसत होतं."

मी वर्तमानपत्रावरची सालं उचलून बघितली. जाड सालीची कड बघितली की एकेक रंग वेगळा दिसत होता. सगळ्यांत वर नारंगी, हा दादांचा शेवटचा पोळा. त्याखाली हिरवा, भावानं घराचे दरवाजे रंगवले त्यातला उरलेला. मध्ये राणी रंग. त्या वर्षी पिशोरच्या दुकानात दुसरा मिळाला नव्हता आणि दादा दिवसभर चिडचिड करत होते, की बैल आहे का नवरी. मग पिवळा, निळा, आणखी कितीतरी, आणि तळाला परत नारंगी. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ह्यांनी त्या कागदाची घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. नंतर हात धुऊन विचारलं, चहा आहे का.

एक थेंब तेवढा उरला होता. स्पीडोमीटरच्या काचेवर, कडेला, दादांच्या ब्रशवरून कधीतरी ओघळलेला. तोही काढायला ह्यांनी कार्ड उचललं तेव्हा मी काचेवर हात ठेवला. माझ्या तोंडाकडं बघून ह्यांनी कार्ड खिशात घातलं.

उन्हाळ्यात एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा झाला. आम्हा बायकांना पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या, म्हणजे ऊन नीट लागावं. परीक्षक आमच्या गाडीपाशी थांबले, हँडलवर वाकले, परत परत वाकले. इतका जुना क्रोम इतका शाबूत त्यांनी बघितलाच नव्हता म्हणे. अध्यक्षांना स्पीडोमीटरवरचा थेंब दिसला आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि इथं बघा, इथं पॅटिना राखलाय. ह्याला म्हणतात समज."

ह्यांना चषक मिळाला. सर्वोत्तम जतन केलेली गाडी. हातात माइक दिला, तेव्हा कुणीतरी विचारलं, क्रोम एवढा टिकला कसा? मी खुर्चीत सरसावून बसले. मला वाटलं, आता तरी शिंगांचं नाव काढतील.

"नियमित देखभाल," हे म्हणाले. "सासऱ्यांनी फार जपली गाडी. आम्हीही तशीच जपली."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी विचारलं, डोकं दुखतंय का, मी हो म्हटलं. आमच्याकडे आल्यावर ती गाडी कुठं उभी राहायची हे त्या मैदानावर मला एकटीलाच माहीत होतं. आणि ह्यांना. पण ह्यांना ते आठवत असेल असं त्यांच्या हसण्यावरून वाटत नव्हतं.

श्रावणात मी पिशोरला आईला भेटायला गेले. निघताना तिनं कोनाड्यातून एक डबा काढून दिला. दादांच्या शेवटच्या पोळ्याचा, निम्मा उरलेला. "घेऊन जा," ती म्हणाली. "हितं कोणाला लागतोय." डबा उघडला तर रंगावर सायीसारखा जाड पापुद्रा धरला होता. तो काढला, खाली रंग चांगला होता.

पोळ्याच्या सकाळी आंघोळ करून मी अंगणात गेले आणि डाव्या शिंगापासून सुरुवात केली. क्रोमवर पहिला हात नीट बसत नाही, घसरतो. मग मी दादांसारखा ब्रश जरा आडवा धरला. हे तोंडात दातांचा ब्रश घालून बाहेर आले आणि तसेच उभे राहिले.

"अगं, काय चाललंय? त्या क्रोमला चषक मिळालाय."

"पोळा आहे," मी म्हणाले.

"रविवारी सगळा ग्रुप येणार आहे गाडी बघायला. अध्यक्ष येणार आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"सांगायचंय काय त्यात," मी म्हणाले. "गाडी तेवढी पलीकडच्या गल्लीत लावा. साहेब येणार आहेत."

ह्यांच्या तोंडातला ब्रश थांबला. आधी मला वाटलं, कळलंच नाही. मग चेहरा उतरत गेला आणि मला समजलं की आठवलं. इतकी वर्षं ते कुठं ठेवलं होतं कोण जाणे, पण होतं. हे आत गेले, तोंड धुतलं, आणि बऱ्याच वेळानं कागदी चिकटपट्टीची गुंडाळी घेऊन बाहेर आले. उजव्या शिंगापाशी बसून मुठीच्या कडेनं पट्टी लावायला लागले.

"कड सरळ येईल," हे खाली बघत म्हणाले.

"दादा पट्टी लावत नव्हते."

ह्यांनी पट्टी काढली. उजवं शिंग ह्यांनी रंगवलं, आणि वाईट रंगवलं, ओघळ आले. मी खोट काढली नाही. दुपारी दिव्यापुढं पुरणपोळी ठेवली. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर एक मुंगी रंगात अडकली होती.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते, तेव्हा बाहेर गाडीचं स्टँड काढल्याचा आवाज आला. गाडी ढकलत नेल्याचा आवाज आला. मी गॅस बारीक केला. मनात म्हटलं, नेली. शेवटी नेलीच पलीकडच्या गल्लीत, आणि मला फार आश्चर्यही वाटलं नाही. तरी खिडकीशी गेले.

ह्यांनी गाडी फाटकाच्या बरोबर मध्ये लावली होती. तोंड रस्त्याकडं, शिंगं बाहेर. कुणाला आत यायचं तर अंग चोरून यावं लागलं असतं.

थोड्या वेळानं सगळी गल्ली फटफटायला लागली. अध्यक्ष पुढं होते. गाडी बंद करून ते आमच्या फाटकाकडं बघत राहिले. "अरे, हे काय केलं?" म्हणत त्यांनी हँडलला हात लावला आणि बोट नारंगी झालं. पावसाळी हवेत ऑइलपेंट लवकर वाळत नाही. ते खिशातला रुमाल काढत म्हणाले, "काही हरकत नाही, उतरेल. जेल आहे माझ्याकडं."

"नको," हे म्हणाले. "ओला आहे अजून. मामांची शिंगं आहेत, वाळायला वेळ लागतो."

अध्यक्षांना काही कळलं नाही. ते आपली गाडी आमच्या भिंतीला टेकवायला लागले, मागची मंडळीही जागा शोधायला लागली. तेव्हा हे फाटकातून एक पाऊल पुढं झाले आणि हळू आवाजात, अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, गाड्या तेवढ्या पलीकडच्या गल्लीत लावता का?"

मंडळी एकमेकांकडं बघत गाड्या वळवून गेली. मी पोह्यांचं पातेलं खाली उतरवलं आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिले. गल्लीच्या कोपऱ्यावरून ते सगळे एकामागून एक चालत आले. पोतं कुणाच्याच खांद्यावर नव्हतं.